विमानातून दीक्षाभूमी

आपल्या समाजातील मुले-मुली आता दुबई, लंडन, अमेरिकेपर्यंत पोहोचली आहेत. आईवडील त्यांच्याकडे निघाले की पिशवीत काय काय जाते ते आपण सारे जाणतो. काळा मसाला, जवसाची चटणी, बुद्धवंदनेचे पुस्तक, बाबासाहेबांची तसबीर. परंतु हाताने घडविलेली नाजूक वस्तू आणि तिला लावायचे रंग घेऊन विमानात बसायचे असेल तर काय करावे, हे आपल्याकडे सहसा कुणाला सांगता येत नाही. मी ते विचारून, वाचून शिकलो. आपल्यात मूर्ती घडविणारे, पाट्या रंगविणारे, जयंतीचे देखावे उभारणारे हात पुष्कळ आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पॅटर्न शॉपला होतो. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणे हे आमचे काम. निवृत्तीनंतर तोच हात दीक्षाभूमीच्या लहान प्रतिकृती करण्याकडे वळला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे आज उभा असलेला स्तूप २००१ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. त्याची उंची व व्यास प्रत्येकी १२० फूट सांगतात. वीस फुटांना एक इंच असे माप धरले की सहा इंचांचा स्तूप होतो. मूळ स्तूप आतून पोकळ आहे, म्हणून माझाही पोकळ. घुमट झाकणासारखा उचलला की आतली बुद्धमूर्ती दिसते.

माझी मुलगी लंडनला परिचारिका आहे. तिथल्या आपल्या कुटुंबांनी १४ एप्रिलच्या जयंतीसाठी एक रंगविलेला स्तूप आणि मुलांनी स्वतः रंगवावेत असे बारा कोरे छोटे स्तूप मागविले. "रंगही तुमचेच आणा, पप्पा. मुलांना तुम्हीच शिकवायचे," असे तिने फोनवर सांगितले. लाकडाचे काही वाटले नाही. विचार पडला तो रंगांचा.

आम्हा जुन्या कारागिरांची सवय तेलरंगाच्या डब्याची. एनॅमल, टर्पेंटाईन, थिनर, घाईच्या कामाला स्प्रेचा डबा. विमानात यातले काहीच चालत नाही. हातातल्या पिशवीत नाही, आणि खाली सामानात टाकायच्या बॅगेतही नाही. कारण समजून घेतले म्हणजे राग येत नाही. प्रत्येक द्रवाचे एक तापमान असते, ज्याला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते. त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. हा बिंदू ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली असेल तर विमानवाहतुकीच्या नियमांत तो द्रव ज्वालाग्राही धरतात. टर्पेंटाईनचा बिंदू चाळीस अंशांच्याही खाली येतो आणि थिनर तर साध्या हवेतही पेटते. उडत्या विमानात आग लागली तर उतरून पळायला जागा नसते. चपला चिकटवायचे सोल्युशनही याच जातीचे, तेही घरीच ठेवावे.

पाण्यात कालवायचे ॲक्रिलिक रंग मात्र पेट घेत नाहीत. ते खालच्या बॅगेत नेता येतात. हातातल्या पिशवीत न्यायचे तर आपल्याकडे १०० मिलीलीटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. ती अर्धी रिकामी असली तरी मोजतात बाटलीचे माप, आतला रंग नव्हे. पांढरा फेव्हिकॉल पाण्यावरचा, म्हणून तो खाली गेला. पटाशी, ब्लेड, कानस ही हत्यारेही खालीच, टोकांना बूच लावून आणि जाड कापडात गुंडाळून. ब्रश वर नेता येतात.

ही बातमी चाळीत पसरली तसे सल्ले आले. आमच्या एका तरुण शेजाऱ्याने सांगितले, "काका, थिनर पाण्याच्या बाटलीत भरा, कोण हुंगून बघतंय?" मी त्याला म्हटले, "अरे, त्या विमानात तीनशे माणसे बसतील. त्यांत कुणाची तरी लेकरे असतील. आपल्या चकाकीसाठी त्यांचा जीव टांगणीला लावायचा?" तो गप्प झाला. दुसऱ्या एका वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, "तपासणीला सरळ सांगायचं की हे आमचं पवित्र स्थान आहे, हात लावू नका. धर्माचं नाव काढलं की सोडतात." हा सल्ला त्यांनी चांगल्या मनानेच दिला, पण तो मला रात्रभर टोचत राहिला.

१९२७ साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तर तळे बाटले म्हणून पंचगव्याचे घडे ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला गेला त्यांची आम्ही मुले-नातवंडे. आम्हीच आता आमच्या वस्तूला कुणी हात लावू नये म्हणायचे? आणि कायद्यापुढे सर्व समान हे तत्त्व संविधानात ज्यांच्यामुळे आले, त्यांचेच नाव सांगून नियमातून सूट मागायची? मी ठरविले की स्तूप उघडून दाखवायचा आणि कुणाही अधिकाऱ्याला हातात घेऊ द्यायचा.

आता बांधणीविषयी. जे मोडले तर पुन्हा मिळणार नाही ते स्वतःजवळ ठेवावे. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांचे सामान वेगळ्या जहाजाने निघाले होते. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडविले आणि त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. ही हकीकत आठवून मी मोठा स्तूप हातातच घेतला. नऊ इंचांचा पुठ्ठ्याचा चौकोनी खोका केला. हातातल्या बॅगेला काही कंपन्या ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर आणि सात किलो अशी मर्यादा ठेवतात, त्यात तो बसला. शिखरावरचे छत्र काढून काड्यापेटीत कापसावर ठेवले. चारी तोरणांना फोमचे तुकडे कापून आधार दिला. खोका दोरीने करकचून न बांधता नुसते झाकण लावले, कारण तो उघडावा लागणारच होता. पोकळ वस्तूचा आणखी एक फायदा असा की यंत्रात आतले सारे दिसते. भरीव गोळा असेल तर पडद्यावर नुसता गडद डाग येतो आणि शंका वाढते.

रंगांच्या बाटल्या गळतात त्याचे कारण हवा. विमान वर गेले की हवेचा दाब कमी होतो, बाटलीतली हवा फुगते आणि झाकणातून रंग बाहेर ढकलते. म्हणून बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घातला, वरून चिकटपट्टी गुंडाळली, प्रत्येक बाटली वेगळ्या पिशवीत घातली आणि सगळ्या जुन्या टॉवेलात उभ्या ठेवल्या. बाटल्यांवरची छापील लेबले मुद्दाम ठेवली. बिनलेबलाच्या बाटलीत काय आहे हे सांगून पटत नाही. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या विमान कंपनीला विचारून घ्यावे.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून खोका बाजूला काढण्यात आला. जवान तरुण होता. "ये क्या है, मंदिर?" त्याने विचारले.

"स्तूप है. नागपूर की दीक्षाभूमी," मी सांगितले आणि घुमट उचलून त्याच्या हातात दिला.

त्याने आत पाहिले, कापडाची एक पट्टी कडेने फिरवली आणि यंत्रात तपासली. मागे रांगेत उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "भगवान की मूर्ती है, और आप किसी को भी छूने देते हो?"

मी म्हटले, "भाईसाहब, छूने से कुछ नहीं बिगडता. बुद्ध ने तो यही सिखाया."

जवानाने घुमट दोन्ही हातांनी जपून परत बसविला. "हाथ से बनाया?" एवढेच विचारले आणि मान हलविली. सारे मिळून पाच मिनिटे लागली.

लंडनला बारा मुलांनी बारा स्तूप रंगविले. त्यांतल्या बहुतेकांनी नागपूर पाहिलेले नाही. एकाने घुमट निळा केला, एका मुलीने पंचशील ध्वजाचे पट्टे काढले. एनॅमलची चकाकी नव्हती, पण रंग अर्ध्या तासात वाळले आणि हात पाण्याने धुता आले. लहान मुलांसाठी हेच बरे, असे मला तिथे पटले. मोठा स्तूप सगळ्यांनी उचलून, उघडून पाहिला. पांढऱ्या घुमटावर कुणाच्या तरी निळ्या बोटांचे ठसे उमटले. मुलीने ओले फडके आणले, तर मी म्हटले, "राहू दे."

उरलेले रंग मी तिथेच ठेवून आलो. पुढच्या जयंतीला मुले विहाराचे मोठे चित्र करणार आहेत. आपल्यापैकी कुणी कारागीर तिकडे जाणार असेल तर हत्यारे अवश्य न्यावीत, फक्त खालच्या बॅगेत. आणि आपली वस्तू उघडून दाखवायला संकोच करू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!