फादर, वर्ग भरवा. पण विक्रेत्याला आत घेऊ नका

आदरणीय फादर,

घरखर्च, कर्ज आणि बचत यांचा वर्ग चर्चच्या हॉलमध्ये भरवणार असल्याचं आपण रविवारी मिस्सेनंतर जाहीर केलंत. मनापासून आनंद झाला. देवळात पैशाची गोष्ट कशाला, अशी कुरकुरही लगेच ऐकू आली. पण वसईला ही गोष्ट नवी नाही. मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांनी 1918 साली इथे पतपेढी सुरू केली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात फादर जिमी टॉम्पकिन्स आणि फादर मोझेस कोडी यांनी मच्छीमार, शेतकरी आणि खाणकामगार यांचे अभ्यासगट जमवले. त्यांचा क्रम असा, की आधी एकत्र बसून शिकायचं, मग पतसंस्था काढायची. आपल्याकडे संस्था उभ्या राहिल्या, शिकणं मात्र मागे पडलं.

अमेरिकेत डेव्ह रॅमसे यांचा अभ्यासक्रम कित्येक चर्चमध्ये चालतो. आधी अडीनडीसाठी थोडी शिल्लक, मग सगळ्यांत लहान कर्जापासून फेड, ही त्यातली शिस्त घेण्यासारखी आहे. बाकीचं इथे तसंच्या तसं लागू पडणार नाही. आपली दुखणी वेगळी. वाडी विकून एकदम हातात आलेली रक्कम, आखातातून किंवा जहाजावरून येणारा आणि करार संपला की थांबणारा पगार, आणि लग्न. लग्नासाठी काढलेलं कर्ज पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यापर्यंत फिटलेलं नसतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे. वर्गात या सगळ्याचे आकडे फळ्यावर मांडा. क्रेडिट कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतो. एक लाख थकले आणि वर्षभर काहीच भरलं नाही, तर दंड आणि कर सोडूनही एक लाख एक्कावन्न हजार होतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगते. हॉलमध्ये आपण ज्याला उभं कराल, त्याच्यावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतील. वर्गाचं बळ त्यात आहे, आणि धोकाही त्यातच. विमा एजंट, फंडाचा वितरक किंवा बिल्डरचा माणूस फुकट शिकवायला आनंदाने येईल. माणूस सज्जनही असेल. तरीही त्याला शिक्षक करू नका. ज्याची मिळकत आपण काय विकत घेतो यावर ठरते, तो सल्ला निर्मळ मनाने देऊ पाहील तरी त्याला ते जमणं अवघड. शिकवणाऱ्याने वर्गातल्या कुणालाही काही विकायचं नाही, वर्ग संपल्यावरही नाही, असा नियम लेखी करा आणि सूचनाफलकावर लावा.

फसव्या योजनाही अशाच ओळखीतून पसरतात. भावकीतला, गायनवृंदातला कुणीतरी सांगतो आणि माणूस कागद न बघता पैसे देतो. नोंदणी नसताना लोकांकडून ठेवी गोळा करणं 2019 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सांगा. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, एका ठेवीदारामागे व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. दोन्हींचे फलक सारखेच दिसतात, म्हणून हा फरक दोनदा सांगावा लागेल.

भर वर्गात कुणी आपलं कर्ज सांगणार नाही. लाज मोठी, आणि गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. म्हणून शेजारच्या एका खोलीत एकेकट्याला बसून बोलता येईल अशी सोय करा. तिथे दुसऱ्या धर्मग्रामातला, हिशेब समजणारा आणि तोंड बंद ठेवणारा माणूस बसवा. आपण स्वतः बसू नका. आपल्यासमोर माणूस पापाचा कबुलीजबाब देईल, पण कर्जाचा आकडा कमीच सांगेल.

बायकांसाठी वेळ संध्याकाळची ठेवा आणि बोलणं आपल्याच बोलीत होऊ द्या. नवऱ्याने कुठे सही केली, कुणाला जामीन राहिला, हे कित्येकींना तो गेल्यावर कळतं. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी तिचा मालक होत नाही, हेही तेव्हाच कळतं. मृत्युपत्र नसेल तर आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलगे-मुलींना सारखं. लग्न होऊन गेली म्हणून मुलीचा वाटा जात नाही. हा धडा शेवटच्या दिवसावर ढकलू नका, पहिल्याच आठवड्यात घ्या. त्या दिवशी हॉल भरलेला असेल, आणि भाऊही आलेले असतील.

आपली,
धर्मग्रामातली एक निवृत्त बँक कर्मचारी