पॅरिया म्हणजे कोण?

धाकटी बहीण एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिला पुढं अमेरिकेत शिकायचंय. त्यासाठी जीआरई नावाची परीक्षा. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर. कॉलेजचं तोंड बघितलं नाही. पण रात्रपाळी सुटली की घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसतो.

आधी वाटलं, ही अक्कल मोजायची परीक्षा. महिनाभर बसलो आणि कळलं, हे मशीन आहे. मशीनचा स्वभाव ओळखायचा असतो. भाषेचे पहिले 12 प्रश्न 18 मिनिटांत. ते जमले तर पुढचे 15 अवघड येतात. अवघड आले म्हणून घाबरायचं नाही, तो चांगला सांगावा. गणिताचंही तसंच, गणित शाळेतलंच, त्रिकोणमितीसुद्धा नाही. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून कोरं काही सोडायचं नाही. फ्रेमवर एक धागा तुटला म्हणून आम्ही सगळी फ्रेम थांबवत नाही. तसंच अडल्या प्रश्नावर खूण करायची, पुढं जायचं, त्याच भागात वेळ उरला तर परत यायचं.

अडतं ते इंग्रजी आणि घड्याळ. ज्यांच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते याला गुणवत्ता म्हणतात.

एका सकाळी शब्दांची यादी घोकताना ती गप्प झाली. शब्द होता 'पॅरिया'. अर्थ, बहिष्कृत. शब्दकोश उघडला. मूळ तमिळ. परै म्हणजे ढोल, आपल्या हलगीसारखा. तो वाजवणारे परैयर. आपलीच माणसं. साहेबानं त्यांच्या जातीचं नाव उचललं आणि हाकलून दिलेल्या कुणालाही लावलं.

"दादा, हे पाठ करायचं?" तिचे डोळे भरलेले.

मलाही सुचेना. मग म्हणालो, "कर. 1927 साली बाबासाहेबांनी याच अर्थाचा शब्द मथळ्यावर छापला होता, 'बहिष्कृत भारत'. लपवला नव्हता."

बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले तेव्हा ही परीक्षा नव्हती. 1936 साली सुरू झाली, आणि सुरू करणाऱ्या चार विद्यापीठांत कोलंबियाही होतं. आता बरेच विभाग ती मागतही नाहीत. आधी ते विचारून घ्या. मागत असतील तर परीक्षा घेणाऱ्यांच्याच दोन सराव परीक्षा फुकट मिळतात, त्या घ्या.

आणि मित्रांनो, वस्तीत कुणी पोरगी अशी अभ्यासाला बसली असेल, तर तिच्यासमोर घड्याळ धरून बसा. त्याला पदवी लागत नाही.

जयभीम.