समजून घेण्याची किंमत

जून १९८४मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरिंडा या सुखवस्तू गावात १५ वर्षांच्या एका मुलीने आपल्याच शाळेतल्या, आपल्याच वयाच्या मुलीचा चाकूने खून केला. मारली गेलेली चीअरलीडर होती. मारणारी तिच्यासारखं होण्यासाठी झुरत होती. गुन्ह्याचा उलगडा व्हायला जवळजवळ सहा महिने लागले. या घटनेवर ‘रोलिंग स्टोन’ मासिकात रँडल सलिव्हन यांनी लेख लिहिला आणि त्यावरून १९९४ साली एनबीसी वाहिनीने टीव्हीसाठी चित्रपट काढला : ‘अ फ्रेंड टू डाय फॉर’, म्हणजेच ‘डेथ ऑफ अ चीअरलीडर’.

हा चित्रपट टाकाऊ नाही, म्हणूनच त्याच्या उणिवा सलतात. केली मार्टिनने खून करणाऱ्या अँजेलाची धडपड जीव ओतून उभी केली आहे. चीअरलीडरच्या चमूत जागा हवी, वार्षिकांकाचं संपादकपद हवं, मोठ्या घरच्या मुलींनी आपलं म्हणायला हवं. एकेक गोष्ट हातची जाते, तशी ती आतून खचत जाते. तिचं खचणं आपल्याला कळतं, कारण त्या वयात आपणही कुणाच्या तरी घोळक्याबाहेर उभे असतो.

पण अँजेला आपल्याला कळावी म्हणून चित्रपट टोरी स्पेलिंगने साकारलेल्या, मारल्या जाणाऱ्या स्टेसीला जवळजवळ फक्त उर्मट ठेवतो. तिच्या तोंडी अपमान येतात, मनातलं काही येत नाही. परिणामी, खुनाच्या क्षणी प्रेक्षक नकळत हिशेब करू लागतो की तीही तशीच होती. काल्पनिक गोष्टीत हे खपलं असतं. इथे मात्र पडद्यामागे खरी मुलगी आहे, आणि तिला उत्तर द्यायला जागा नाही. मारणारीचं मन समजून घ्यायला मेलेलीचे दोष मोजावे लागत नाहीत.

तिसरी मुलगी मोनिका. काळे कपडे घालणारी, चारचौघींपेक्षा वेगळी. संशय तिच्यावर येतो, शाळा तिला छळते आणि अखेर तिला ती शाळाच सोडावी लागते. माझ्या मते कथेचा गाभा इथे आहे. ज्या चढाओढीने अँजेलाला पोखरलं, तीच आता शोकाच्या नावाखाली मोनिकावर तुटून पडते, आणि या वेळी छळणाऱ्यांना आपण न्यायाच्या बाजूला आहोत असं वाटत असतं. पण थरारपटाला घाई असते. प्रेक्षकाची दिशाभूल करून झाली की मोनिकाचं काम संपतं, आणि कॅमेरा पुन्हा अँजेलाच्या भीतीकडे वळतो. ती पकडली जाईल का, एवढाच प्रश्न उरतो.

२०१९ साली लाइफटाइम वाहिनीने ही गोष्ट पुन्हा चित्रित केली. त्यात केली मार्टिन एफबीआयच्या अधिकारी झाल्या. एके काळची आरोपी तपास करणारी झाली, पण शाळेची चौकशी करायला कुणी आलं नाही.

खुनी सापडली तरी मुलांना वर-खाली लावणारी उतरंड तशीच राहते. ती रचण्यात शिक्षकांचा, पालकांचा, कौतुकाच्या टाळ्यांचा वाटा असतो. किशोरवयावरच्या थरारपटाने कबुलीजबाबापाशी थांबू नये. मोनिकाला शाळा सोडावी लागली, त्याचा जाब त्याने मोठ्यांना विचारायला हवा.