धनजच्या धुऱ्यावरून

वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या धनजला दुपार फार लांब असते. पऱ्हाटी वेचून झाली, तूर निघाली की काळी जमीन भेगाळत जाते आणि धुऱ्यावरच्या बाभळीखेरीज डोळ्यांना विसावा उरत नाही. शिकायचं म्हणजे इथून निघायचं, हे पोरांना लहानपणीच उमगतं. आधी कारंजा, मग अमरावती. तिथलं विद्यापीठ १९८३ सालचं. त्याहून जुनं विद्यापीठ म्हटलं की नालंदा, तक्षशिला, ऑक्सफर्ड अशी लांबची नावं तोंडी येतात. पायाखालच्या मातीला कुणी विचारत नाही.

विचारलं, तर तिच्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे. वाशीम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. तिथला राजा सर्वसेन याने प्राकृतात ‘हरिविजय’ रचलं. काव्य हरवलं, आनंदवर्धन, भोज यांसारख्या साहित्यशास्त्रकारांनी त्याची आठवण ठेवली म्हणून निदान नाव उरलं. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह लावला. त्यासाठी त्याने काशी निवडली नाही की उज्जयिनी. विदर्भातलं वत्सगुल्म निवडलं. विद्येच्या घरचं लग्न आपल्या गावी लागलं, ही गोष्ट वाशीमच्या एस. टी. स्टँडवर उभं राहून आठवली की हसूही येतं आणि अंगावर काटाही.

पण राजाश्रयाची विद्या राजाबरोबर जाते. टिकली ती कारंज्याची. इथे दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांचं ठाणं होतं. भट्टारकांच्या, म्हणजे या परंपरांच्या धर्मगुरूंच्या, गादीभोवती शिष्य जमत, आणि शिष्यांबरोबर पोथ्या. पोथी लिहवून घेऊन दान करणं हे पुण्य. एखाद्या व्यापाऱ्याच्या घरातली बाई व्रत पुरं झालं की शास्त्रदान करी. शेवटच्या पानावर तिचं नाव, गुरूचं नाव, लेखकाचं नाव आणि संवत नोंदवला जाई. पदवीदान समारंभ नव्हता, पण दात्यांची नोंद मात्र चोख. ज्येष्ठातल्या श्रुतपंचमीला पोथ्यांची पूजा व्हायची, वेष्टनं सोडून त्यांना ऊन-वारा दाखवायचा, पुन्हा बांधून ठेवायच्या. वाळवी, ओल, उंदीर यांच्याशी पिढ्यानपिढ्या चाललेली ही लढाई कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात युद्ध म्हणून छापलेली नाही.

यातली खोच अशी, की पुढे पोथ्या सांभाळणारे राहिले आणि वाचणारे विरळ होत गेले. भक्ती होती म्हणून कुलूप होतं, आणि कुलूप होतं म्हणून पोथी वाचली. पण तिच्यातली भाषा मुकी झाली. ही भाषा म्हणजे अपभ्रंश: प्राकृत आणि आजच्या मराठी-हिंदी-गुजराती यांच्या मधली पायरी. युरोपात याकोबी या अभ्यासकाने या भाषेतली ‘भविसत्तकहा’ छापली ती १९१८ साली. तोवर अभ्यासकांना हे साहित्य मुख्यतः व्याकरणकारांनी दिलेल्या तुकड्यांतून माहीत होतं. आणि इथे, कापसाच्या या बाजारगावात, त्याच भाषेतली अख्खी काव्यं वेष्टनात पडून होती.

१९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा कारंज्याची भांडारं विद्वानांच्या नजरेत भरली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे दुसरे हिरालाल, हिरालाल जैन, या पोथ्यांच्या मागेच लागले. कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. १९३१ साली प. ल. वैद्यांनी संपादलेलं पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ आलं. १९३३ साली ‘णायकुमारचरिउ’, १९३४ साली ‘करकंडचरिउ’, हे दोन्ही हिरालाल जैन यांच्या संपादनाने. पुष्पदंत दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटातला. त्याची वाणी जगापुढे छापील रूपात आली, ती कारंज्याचं नाव मुखपृष्ठावर घेऊन.

वत्सगुल्माला कवी होते, पण जपणारं कुणी राहिलं नाही, ‘हरिविजय’ गेलं. कारंज्याला जपणारे होते. वाचणारा आला तेव्हा त्याच्या हाती द्यायला काही शिल्लक होतं. विद्यापीठ जपणारा आणि वाचणारा यांच्या भेटीत घडतं. इमारत, कुलगुरू, बोधचिन्ह हे सारं नंतरचं.

२०२४ साली मराठी आणि प्राकृत यांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. आपण आनंद केला तो मराठीचा; प्राकृताकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. पोथ्यांची छायाचित्रं संगणकात साठवली म्हणजे काम संपलं असंही वाटू लागलं आहे. पण ते कुलूपच, फक्त नव्या धातूचं. म्हणून धनजमधून शिकायला निघणाऱ्या पोरापोरींना एवढंच सांगावंसं वाटतं: अमरावतीला जा, पुण्याला जा, परदेशी जा, पण तुमच्यापैकी एखाद्याने तरी प्राकृत शिकून कारंज्याला परत यावं. पोथ्यांना राखणदार मिळाले, आता वाचणारा हवा आहे.