न उरणारं आइस्क्रीम

घरच्या पॉटमधलं आंब्याचं आइस्क्रीम ज्यांनी लहानपणी खाल्लंय, त्यांना बाजारातलं कितीही भारी आइस्क्रीम द्या, दोन चमचे खाऊन ते म्हणणारच, "छान आहे, पण पॉटची सर नाही." ही सर कशाची, हे मला पुन्हा पॉट चालवायला लागल्यावर उमगलं.

पॉट सहसा आपल्या एकट्याच्या मालकीचा नसायचा. वाड्यात कुणाकडे तरी असायचा आणि मे महिनाभर या घरातून त्या घरात फिरायचा. लाकडी पिंप, आत पत्र्याचा उभा डबा, डब्यात लाकडी पात्यांचा पंखा आणि वर दातेरी चाकांना जोडलेलं हँडल. असं हाताने फिरवायचं यंत्र अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईंनी १८४३ साली पेटंट केलं. आमच्या आजीला हे ठाऊक असतं, तर तिने पहिली वाटी त्यांच्या नावाने काढून ठेवली असती.

तयारी आदल्या रात्रीच सुरू व्हायची. दूध मंद आचेवर आटायचं, साय त्यातच मोडली जायची. साखर थोडी चढी, कारण गार पदार्थात गोडी कमी लागते. हापूसचा रस मात्र दूध पुरतं गार झाल्यावरच. नाहीतर दूध फाटायची भीती. सकाळी सायकलच्या कॅरिअरवरून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची. ती गोणपाटातच ठोकून फोडायची आणि डब्याभोवती बर्फाचा एक थर, खडेमिठाचा एक थर असं पिंप भरत आणायचं.

सगळी जादू त्या मिठाची. नुसता बर्फ शून्य अंशावर थांबतो आणि साखरेचं दूध त्याहून खाली गेल्याशिवाय गोठत नाही. मीठ पडलं की बर्फ भराभर वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो. बर्फाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकं मीठ असेल, तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं; तेही भर उन्हाळ्यात, विजेशिवाय.

पहिले फेरे मुलांचे. हँडल जड लागायला लागलं की मुलं बाजूला व्हायची, गोणपाटाची घडी घालून एकाला पिंपावर दाबून बसवलं जायचं आणि मामा बाह्या सरसावायचा. मध्ये थांबायची सोय नसे. डब्याच्या कडेला धरणारे बर्फाचे कण पात्यांनी सतत खरवडले, तरच ते बारीक राहतात. शेवटी आई झाकणाभोवतीचं खारं पाणी नीट पुसून घ्यायची, झाकण उघडायची आणि पंख्याला लागलेलं कुणी चाटायचं यावर भांडण जुंपायचं.

आता मोटारीचे पॉट मिळतात, पण मी हाताचाच घेतला. चव बरीचशी तीच येते. किंचित कणीदार, जिभेवर ठेवताच विरघळणारं, आणि वाटी हाताला जड लागते. हे जडपण महत्त्वाचं. आपल्याकडच्या नियमानुसार विकायच्या आइस्क्रीमचं वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम असलं की पुरतं. म्हणजे डब्यात जवळपास निम्मी हवा असली तरी चालते. हाताच्या पॉटमध्ये एवढी हवा शिरतच नाही.

फक्त एक गोष्ट त्याला जमत नाही: टिकणं. उरलेलं फ्रीझरमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याचा दगड झालेला असतो. बर्फाचे कण मोठे होतात आणि चमचा आत जात नाही. मला आधी हा त्याचा दोष वाटायचा. पण आमच्या लहानपणी फ्रिज मोजक्याच घरांत होते. पॉट उघडला की आइस्क्रीम तेव्हाच्या तेव्हा संपवावं लागे. म्हणून शेजारच्या काकूंना हाक जायची, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना वाटी जायची, आदल्या आठवड्यात ज्यांच्याशी नळावरून वाजलं होतं त्यांच्याकडेही जायची. आम्ही काही फार उदार नव्हतो. साठवता येत नव्हतं, म्हणून वाटत होतो. पॉटची सर ती हीच.

तेव्हा यंदा पॉट काढणार असाल, तर आधी माणसं मोजा, मग दूध मोजा. हँडलला हात लावायला चारजण नसतील, तर सरळ दुकानातून कप आणा. तेही काही वाईट नसतात.