हवालदाराचे गाणे

मोडनिंबला उतरलेला माणूस अरणची वाट विचारू लागला, तर गावकरी सावता माळ्याच्या नावाने हात जोडून मग वाट सांगतात. कलाकेंद्राची वाट विचारू लागला, तर नुसता हात करून दाखवतात. मी दुसरी वाट विचारली. ज्या पोराला विचारली त्याने एकवार माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि गालातल्या गालात हसून हमरस्त्याकडे बोट केले. त्याला काय ठाऊक, की मी सत्तरी उलटल्यावर बारीला निघालो होतो तो एका हवालदारासाठी!

हा हवालदार म्हणजे माझे वडील. सोलापूर जिल्ह्याच्या या तालुक्यांतून त्यांची नोकरी झाली. बदली झाली की आमचे बिऱ्हाड बार्शी लाइटच्या चिमुकल्या गाडीत चढे. अडीच फुटी रुळांची ही गाडी 1897 साली बार्शी-कुर्डूवाडी अशी सुरू झाली आणि 1906 पर्यंत पंढरपूरला पोचली. आता तेथे मोठे रूळ आले आहेत आणि गाडी स्टेशनावर क्षणभर टेकते न टेकते तोच निघून जाते. पूर्वी ती इतक्या सावकाश चाले, की खिडकीतून पळते झाड पाहण्याऐवजी झाडावरचा पक्षी पाहता येई.

त्या दिवसांत गावोगावी तंबूतला सिनेमा येई. अशाच एका तंबूत मी 'गंगा जमना' पाहिला. चित्रपट 1961 चा, पण आमच्या गावी पोचायला त्याला बरीच वर्षे लागली. एक भाऊ डाकू, दुसरा पोलीस अधिकारी. आणि शेवटी भावाची गोळी भावाला लागते. संगीत नौशादचे. डाकू होणाऱ्या गंगाला नौशादने नाच दिला, ढोलक दिला, सारे गाव नाचेल अशी चाल दिली. जमना लहान असताना शाळेत न्यायाच्या वाटेने जाण्याचे गाणे ऐकतो खरा. पण अंगावर वर्दी चढली आणि त्याच्या ओठी गाणे म्हणून राहिले नाही. दिलीपकुमार कोसळला तेव्हा तंबूत हुंदके फुटले. मग कोणीतरी ओरडला, "अरे, त्यातला एक हितंबी उभाय की!" बांबूला टेकून, खाकी अर्ध्या चड्डीत, बंदोबस्तावर माझे वडील उभे होते. सारा तंबू हसला.

मीही हसलो. ते त्यांनी पाहिले. घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत. पट्ट्याचे पितळ घासत बसले.

ही गोष्ट मी साठ वर्षे विसरलो होतो असे म्हणणे खोटे होईल. पण ती उकरून काढली माझ्या नातवाने. त्याने मला मोबाइलवर 2019 चा 'द हायवेमेन' हा अमेरिकन चित्रपट दाखवला. बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडप्याचा पाठलाग करून 23 मे 1934 रोजी लुइझियानात ज्यांनी त्यांना गोळ्या घातल्या, त्या फ्रँक हेमर आणि त्याच्या सोबत्याची ही कथा. हेच प्रकरण 1967 च्या 'बॉनी अँड क्लाइड' चित्रपटातही आहे, पण तेथे गाणे दरोडेखोरांच्या बाजूचे. मोटार पळू लागली की बँजो उधळतो (आपल्या वरातीतला बेंजो नव्हे, त्याचा दूरचा चुलता). फ्लॅट आणि स्क्रग्ज या जोडीची ती चाल 1949 साली ध्वनिमुद्रित झाली, म्हणजे बॉनी-क्लाइड मरून पंधरा वर्षे झाल्यावर. पण पाहणाराच्या पायाला ठेका लागला की सालाची चौकशी कोण करतो? बँक लुटली जाते आणि आपण खुर्चीत डोलतो. त्या चित्रपटात हेमरची अशी काही फजिती दाखवली, की त्याच्या विधवेने आणि मुलाने कोर्टाची पायरी चढली आणि 1971 मध्ये तडजोडीने पैसे मिळवले. थॉमस न्यूमनने संगीत दिलेल्या नव्या चित्रपटात ती बँजोची उधळण नाही. दोन थकलेले म्हातारे मोटारीत बसून असतात आणि स्वर त्यांच्यामागून हलकेच चालतात. ते पाहताना मला बांबूला टेकलेली खाकी आकृती दिसली.

नातू म्हणाला, "आजोबा, हा फार हळू आहे हो." पोलिसाची नोकरी हळूच असते, हे त्याला कसे सांगावे?

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? उमाजी नाईक इंग्रजांच्या दप्तरी दरोडेखोर, रयतेच्या तोंडी राजा. 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोशांवर आणि उमाजीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. उमाजीवर पोवाडे झाले. डफ-तुणतुण्यावर कोण चढला आणि कपाटात कोण राहिला ते सांगायला नको. ते योग्यच झाले असे माझेही मत आहे; परक्या सरकारच्या शिपायाचे गुणगान शाहिराने का करावे? तिकडे बॉनीने तर स्वतःचा पोवाडा स्वतःच पद्यात लिहून ठेवला होता! माझा प्रश्न एवढाच, की पाठलाग करणाराच्या वाट्याला काहीच नाही काय? आणि तो विचारायला मोडनिंबच्या संगीतबारीखेरीज दुसरे ठिकाण मला सुचेना.

बारी म्हणजे पाळी. एकेक पार्टी आपल्या पाळीने रंगमंचावर येते; मग ज्याला बैठक हवी त्याने तिच्या खोलीत जायचे. मी दुपारीच गेलो. खोलीत पेटी, तबला, ढोलकी, भिंतीला तक्के. ढोलकीवाला माझ्याच वयाचा. मी म्हटले, "डाकू आला, असं वाजवा बरं." त्याने डोळे मिटले आणि असा तोडा काढला, की खिडकीची काच थरथरली. "आता फौजदार येऊ द्या."

तो थांबला. शाईवरून बोट फिरवीत म्हणाला, "फौजदाराला कशाचं वाद्य, साहेब? त्याला शिट्टी!"

सारे हसले. या वेळी मी हसलो नाही. कोपऱ्यात सुपारी कातरीत एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांनी ते हेरले असावे. "घरातलं कुणी खात्यात होतं का, दादा?" त्यांनी विचारले. मी वडिलांचे सांगितले. तंबूतले हसूही सांगितले. बाईंनी अडकित्ता खाली ठेवला, पेटीवाल्याला सूर सांगितला आणि बसल्या बसल्या जुनी बैठकीची लावणी धरली.

विषय नेहमीचाच. पेशवाईतल्या कितीतरी लावण्यांत तो आहे: धनी स्वारीवर गेला आहे, ऋतू उलटले, शेज सुनी आहे. पण बाई ती ओळ एकदा म्हणत आणि पुन्हा अदा करीत. एकदा दाराकडे पाहिले, एकदा दिव्याची वात सारली, एकदा कानोसा घेतला. तिसऱ्या वेळी नुसते बसून राहिल्या. मला माझी आई दिसली. रातगस्तीच्या रात्री ती कंदील बारीक करून अशीच बसे. सायकल दाराशी टेकल्याचा आवाज आला की उठून चुलीत काटकी सारी. तिने जन्मात लावणी ऐकली नाही; ऐकली असती तर कानांवर हात ठेवले असते. पण ज्या शिपायाला सिनेमाने गाणे दिले नाही, त्याच्या बायकोचे गाणे या बायकांनी दोनशे वर्षे सांभाळले होते. आणि मी ते डाकूच्या ठेक्यात शोधत होतो!

"हल्ली हे कोणी मागतं का?" मी विचारले.

"क्वचित. समदी पिच्चरचीच फर्माईश," बाई म्हणाल्या. "पोरींना ही शिकायला सवड नाही. शिकून पोट भरतं का, सांगा?" यावर मी काय सांगणार? आम्हीच तर तंबूत बसून त्या डाकूच्या गाण्यावर शिट्ट्या मारल्या.

मी नोट पुढे केली. त्यांनी ती कपाळाला लावून ढोलकीवाल्याकडे दिली. मी वही काढली आणि म्हटले, "बाई, शब्द तेवढे सांगा, लिहून घेतो."

"लिहून काय करता, दादा? अदा कुठं लिहिता येती?" त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला. "घरच्या माणसांना घेऊन या एकदा. नातू आहे म्हणता ना, त्यालाही आणा."

शेजारच्या खोलीत पहिले गिऱ्हाईक आले असावे; एका नव्या चित्रपटाचे गाणे भिंतीतून ऐकू येऊ लागले. ढोलकीवाल्याची बोटे आपोआप त्याच ठेक्यावर पडली. बाईंनी नुसते पाहिले, तशी ती थांबली. गाडीला अजून अवकाश होता. मी वही खिशात घातली आणि म्हटले, "बाई, ती दिव्याची वात पुन्हा एकदा सारा."