निगेटिव्ह
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर दोन दुकानं शेजारी शेजारी आहेत. मधली भिंत अर्धीच विटांची, वर नुसता पत्रा. त्यामुळं एका दुकानात बोललेलं दुसऱ्यात स्पष्ट ऐकू येतं, आणि ऐकू आल्यावर गप्प बसणं दोघांच्याही स्वभावात नाही. डावीकडं अण्णांचा फोटो स्टुडिओ, उजवीकडं दादाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. अण्णा आमचे कुणी लागत नाहीत, सगळा तालुका त्यांना अण्णा म्हणतो म्हणून मीही म्हणते. दादा माझा सख्खा चुलतभाऊ. कॉलेज सुटल्यावर साडेचारपासून शेवटच्या गाडीपर्यंत मी अण्णांच्या दुकानात काम करते. पासपोर्ट फोटो कापायचे, झेरॉक्स काढायच्या, ऑनलाईन फॉर्म भरायचे. त्यातून परीक्षेची फी आणि पुस्तकं निघतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा फीची तजवीज मलाच करावी लागते.

या दोघांचं भांडण म्हणजे स्टँडवरची करमणूक आहे. विषय ठरलेला. अण्णा म्हणतात, फोटो तो फिल्मवरचाच. तुमचा डिजिटल म्हणजे पाण्यावरची रेघ. दादा म्हणतो, अण्णा, तुमची फिल्म म्हणजे बुरशीचं खाद्य. मग चहा येतो, आणि चहाबरोबर पुरावे.

अण्णांनी १९७८ साली आगफाच्या क्लिक कॅमेऱ्यावर सुरुवात केली. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. पुढं याशिका आला, छत्तीस फोटोंचा रोल आला. रंगीत रोल सांगलीच्या लॅबला जायचा, पण काळा-पांढरा अण्णा स्वतः धुवायचे. लाल दिव्याची ती खोली अजून आहे, आता तिथं झेरॉक्सचे कागद ठेवतात. 'चांदी हाय त्यात, चांदी,' असं ते फिल्मबद्दल सांगतात. ते खरंच आहे. उजेड पडला की काळे होणारे चांदीचे क्षार फिल्मवर असतात. 'उजेड स्वतः येऊन सही करून जातो. तुमच्यात काय, नुसते आकडे.'

दादाकडं उत्तर तयार असतं. डिजिटल कॅमेरा काढला कुणी? कोडॅकच्याच इंजिनिअरनं, १९७५ साली. स्टीव्हन सॅसन त्याचं नाव. साडेतीन किलोच्या वर वजन, शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचं चित्र, आणि ते एक चित्र कॅसेटवर उतरवायला तेवीस सेकंद. 'आणि त्याच कोडॅकनं २०१२ मध्ये दिवाळं जाहीर केलं, अण्णा.' अण्णा यावर चहा फुंकत बसतात. मग म्हणतात, 'कंपनी बुडाली म्हणून फोटो खोटा पडत न्हाई. कोडॅकचा रोल अजून मिळतो.' तेही खरं आहे.

एकदा मीही या वादात माझी काडी टाकली. आम्हाला इतिहासाच्या तासाला सरांनी सांगितलं होतं, की इंग्लंडच्या राजानं १०८६ साली सगळ्या जमिनीची पाहणी करून डूम्सडे बुक लिहून घेतलं. चामड्यावर लिहिलेलं ते पुस्तक आजही वाचता येतं. त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीनं नवी पाहणी केली, शाळेतल्या मुलांकडूनसुद्धा माहिती गोळा केली, आणि ती लेसर डिस्कवर ठेवली. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क चालवणारी यंत्रंच दुर्मिळ झाली. हे सांगितल्यावर अण्णांनी मला स्वतःच्या खिशातून भजी खायला घातली. दादा मात्र म्हणाला, 'शेवटी बाहेर काढलीच की ती माहिती! आणि पुण्यात २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट फिल्मा जळाल्या, त्या काढ बघू बाहेर.' भजी तशीच राहिली.

खरं तर या वादाचा निकाल आमच्या कृष्णामाईनं २०१९ च्या ऑगस्टमध्येच लावायला हवा होता. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. मी तेव्हा आठवीत होते. स्टँडसमोरची दुकानं पाटीपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर अण्णांच्या सहा पत्र्याच्या पेट्यांतून चिखल निघाला. चिखलातल्या निगेटिव्ह तशाच वाळू दिल्या तर एकमेकींना चिकटतात, म्हणून अण्णांनी त्या बादल्यांतून पाण्यातच ठेवल्या, एकेक धुतली आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. शाळेतली पोरं मदतीला होती. सहापैकी दीड पेटी वाचली. पण रजिस्टरची शाई गेली होती. कुठल्या नंबरची निगेटिव्ह कुणाची, ते आता फक्त अण्णांच्या डोक्यात आहे. दादाचा कॉम्प्युटर गेला, पेन ड्राइव्ह गेले. पण त्याच्या पोराचे सगळे फोटो नव्या फोनवर पासवर्ड टाकल्याबरोबर परत आले, कारण ते मुळात स्टँडवर नव्हतेच. तेव्हापासून तो एक नियम सांगत असतो. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केलेला: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावाला. दादा तो इतक्या वेळा सांगतो की गिऱ्हाइकांना पाठ झालाय.

पण याच दादाच्या काउंटरपाशी मी एक बाई रडताना पाहिली आहे. नवरा अचानक गेलेला. त्याच्या फोनमध्ये दोघांचे सगळे फोटो, आणि फोनला कुलूप. दादानं खूप वेळ फोन हातात धरला. आता फोनमधलं सगळं सांकेतिक करून ठेवलेलं असतं. आतली चिप काढून दुसरीकडं लावली तरी किल्लीवाचून अर्थ लागत नाही. फोन चालू करून देता आला असता, पण आतलं सगळं पुसून. चोरापासून वाचवायला केलेलं कुलूप, त्यानं बायकोलाही ओळखलं नाही. ती बाई तो फोन बंदच परत घेऊन गेली. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून अण्णा काही बोलले नाहीत.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले त्याकडं येते. इतका वेळ टाळत होते.

माझी आई अण्णांच्या दुकानात पाऊल टाकत नाही. बाजारच्या दिवशी आली तर समोरच्या मेडिकलपाशी उभी राहते आणि मला हाक मारते. मला वाटायचं, लाजते. गेल्या दिवाळीत शेंगा फोडता फोडता तिनं कारण सांगितलं, तेही चार वाक्यांत.

१९९९ साली आई दहावीला ७४ टक्के मिळवून शाळेत मुलींत पहिली आली. गुणपत्रिका आणायला गेली तेव्हा मैत्रिणीबरोबर जाऊन स्टुडिओत गुणपत्रिका हातात धरून फोटो काढला. घरी न विचारता. फोटो चांगला आला म्हणून अण्णांनी मोठा करून रस्त्यावरच्या शोकेसमध्ये लावला. आठ दिवसांत कुणीतरी आजोबांना म्हणालं, 'तुमची पोरगी स्टँडवर टांगलीया.' आजोबा गेले, फोटो काढून फाडला, निगेटिव्ह मागितली आणि घरी आणून चुलीत घातली. अकरावीचा फॉर्म भरायचा राहिला. मार्गशीर्षात लग्न झालं.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना विचारलं. माझा आवाज चढला होता. ज्या माणसाकडून मी पगार घेते त्यानं माझ्या आईचं कॉलेज घालवलं, असं काहीसं मी बोलले. अण्णा पासपोर्ट फोटो कापत होते. कात्री ठेवून म्हणाले, 'त्या वेळी शोकेसात लावणं म्हणजे मान होता गं. आमदाराशेजारी लावला व्हता.' मग बराच वेळानं, 'चुकलंच.' आणि मग लाल दिव्याच्या खोलीतून बिस्किटाचा डबा घेऊन आले.

निगेटिव्ह त्या डब्यात होती. आजोबांच्या हातात त्यांनी भलतीच दिली होती, बँकेतल्या कुठल्याशा कारकुनाची. निगेटिव्हमध्ये तोंड काळं आणि केस पांढरे. उजेडाला धरून बघितली तरी बापाला लेक ओळखू येत नाही. त्यांनी जाळला तो कारकून! मला हसू आलं आणि त्याच क्षणी रागही आला. कारण वीस-पंचवीस वर्षं माझ्या आईचा चेहरा एका परक्या माणसाच्या बिस्किटाच्या डब्यात होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. पुराचं पाणी डब्यातही शिरलं होतं. खालच्या कोपऱ्यातला थर वाहून गेलाय. गुणपत्रिका धरलेला हात त्यात गेला. चेहरा शाबूत आहे.

त्या संध्याकाळी दोन्ही दुकानांनी मिळून काम केलं, असं मी पहिल्यांदा पाहिलं. दादानं मोबाईलचा पडदा नुसता पांढरा लावून आडवा ठेवला. पडद्याचे ठिपके उमटू नयेत म्हणून अण्णांनी चार बोटं अंतर ठेवून काच मांडली, काचेवर निगेटिव्ह, वर स्टँडला डिजिटल कॅमेरा. कॉम्प्युटरवर उलटं सुलटं केलं आणि सोळा वर्षांची आई पडद्यावर आली. दोन वेण्या, थोडं वर केलेलं नाक. माझंच नाक. दादानं लगेच तीन ठिकाणी प्रती ठेवल्या. आणि मी? मला राहवलं नाही. मी तो फोटो आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. 'माझी आई, दहावीत पहिली.' ग्रुपमध्ये ४३ जण.

घरी जाऊन आईला फोन दाखवला. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला जवळ घेईल. तिनं हात पुसले, फोन घेतला, पुष्कळ वेळ बघितलं. त्याखाली आलेले अंगठे आणि बदामही बघितले.

'ही कोण माणसं?'

'माझ्या वर्गातली.'

'त्यांनी बी न्हाई इचारलं मला. तू बी न्हाई.'

एवढंच म्हणाली आणि दिवा लावायला गेली.

अण्णांवर दुपारी चढवलेला आवाज मला आठवला. त्यांचं शोकेस एक होतं, स्टँडपुरतं. माझं किती मोठं, ते मलाच माहीत नव्हतं. मी ग्रुपवरून फोटो काढून टाकला. पण तोवर कुणाकुणाच्या फोनमध्ये तो उतरला असणार. दुसऱ्या दिवशी दादाला म्हटलं, तुझ्या तिन्ही प्रती पूस. तो म्हणाला, पुसलं म्हणजे पुसलं जात नाही. कॉम्प्युटरच्या जुन्या डिस्कवर फाईल पुसली की फक्त नोंद जाते. लायब्ररीतल्या खणातलं कार्ड काढावं आणि पुस्तक फळीवर तसंच राहावं, तसं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जाणकार माणूस ते उचलून आणू शकतो. मग अण्णांनी त्यांची लग्नाच्या व्हिडिओंची थप्पी काढली, आणि आम्ही ती डिस्क परक्यांच्या वरातींनी आणि हळदींनी गच्च भरली. कॅमेऱ्याचं कार्डही तसंच. रात्रीचे साडेआठ झाले, माझी शेवटची गाडी चुकली, दादानं मोटारसायकलवरून घरी सोडलं. प्रती वाढवण्यावर हयात घालवलेली दोन माणसं एक फोटो नाहीसा करायला झटत होती, आणि त्या तीन तासांत फिल्म बरी की डिजिटल हा विषय एकदाही निघाला नाही.

ग्रुपमधल्या प्रत्येकाला मी वेगळं सांगितलं. काहींनी पुसला म्हणून कळवलं. बाकीच्यांनी काय केलं ते मला कळायचा मार्ग नाही. हा अंक त्यांच्याही हातात पडेल. ज्यांच्याकडं असेल त्यांनी पुसावा, अशी विनंती आहे. रागावून नव्हे, मनापासून.

मूळ निगेटिव्ह अण्णांनी पाकिटात घालून माझ्याकडं दिली. पाकिटावर त्यांनी काही लिहिलं नाही. आईनं ती खिडकीशी नेऊन उजेडाला धरली. 'केस पांढरं दिसत्यात,' म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ती तिच्या ट्रंकेत आहे. प्रत एकच, तीही एकाच गावात, जिथं दर पावसाळ्यात नदीकडं बघावं लागतं. दादाला हे सहन होत नाही. त्यानं मला दोनदा सांगितलं, काकूला समजावून सांग. मी अजून सांगितलेलं नाही. बाजारच्या दिवशी आई अजून मेडिकलपाशीच उभी राहते.

लेख वाचून संपादक सर म्हणाले, सोबत तो फोटो छापू या, चांगला दिसेल. या वेळी मी आधी घरी विचारलं. आई भाकरी थापत होती.

'अंक किती जणांकडं जातो?'

'आठशे तरी.'

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली.

'लेख दे,' म्हणाली. 'फोटो नको.'